परदेशी शिक्षण : पहिली परीक्षा वर्गाबाहेरची

अमेरिकेतील विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती पडले, की मध्यमवर्गीय मराठी घरात पेढे वाटले जातात, प्रसंगी राहते घर तारण ठेवून कर्ज उचलले जाते आणि विमानतळावर निरोप देऊन परतताना आपले कर्तव्य पार पडले, असे आईवडिलांना वाटते. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी अमेरिकेत होते व या संख्येत भारताने कित्येक वर्षांनंतर चीनला मागे टाकले. याचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु कर्जाचा हप्ता पदवीच्या कागदाने फिटत नाही. तो नोकरीने फिटतो, आणि तेथील नोकरीचे दार बहुधा इंटर्नशिपमधून उघडते. आपले आजोबा ज्याला ‘उमेदवारी करणे’ म्हणत, तीच ही गोष्ट.

खरी अडचण आहे ती वेळेची. दोन वर्षांच्या मास्टर्स अभ्यासक्रमात उन्हाळ्याची सुट्टी एकदाच येते. त्या उन्हाळ्यातील जागांसाठी अनेक मोठ्या कंपन्या आदल्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच अर्ज मागवू लागतात. विद्यापीठांचे भरती मेळावेही त्याच सुमारास भरतात. नवखा विद्यार्थी त्या दिवसांत खोली शोधत असतो, बँकेत खाते उघडत असतो, वरणभाताची सोय लावत असतो. जानेवारीत तो भानावर येतो, तोवर चांगल्या जागा बऱ्याचशा गेलेल्या असतात. म्हणून एका पानाचा नेटका बायोडेटा आणि दाखवण्याजोगे स्वतः केलेले एखादे काम जूनमध्ये पुण्यात वा साताऱ्यातच तयार असले पाहिजे. चकली, मेतकूट आणि प्रेशर कुकर यांची यादी ज्या आस्थेने होते, त्या आस्थेने याची यादी किती घरांत होते?

दुसरी बाजू कायद्याची. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. बाहेरच्या कंपनीतील इंटर्नशिपसाठी मात्र ‘सीपीटी’ ही परवानगी लागते. ती साधारणतः एक पूर्ण शैक्षणिक वर्ष शिकल्यानंतर मिळते आणि काम अभ्यासक्रमाशी निगडित असावे लागते. परवानगीच्या तारखेआधी एक दिवसही काम करता येत नाही. पूर्ण वेळेची सीपीटी बारा महिने वापरली, तर त्या पदवीनंतरच्या ‘ओपीटी’चा हक्क जातो. ओपीटी म्हणजे शिक्षणानंतर बारा महिने काम करण्याची मुभा. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना २०१६च्या नियमानुसार आणखी चोवीस महिने मिळतात. पहिल्या बारा महिन्यांत एकूण ९० दिवसांहून अधिक काळ बेकार राहिल्यास मात्र व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो.

या ९० दिवसांच्या टांगत्या तलवारीखालीच माणसे फसतात. पैसे घेऊन कागदोपत्री नोकरी दाखवणारे आणि खोटा अनुभव लिहून देणारे दलाल नेमके याच वेळी भेटतात. दुर्दैव असे, की ते पुष्कळदा आपलेच देशबांधव असतात. पहिल्या दिवसापासून पूर्ण वेळ कामाची हमी देणारी विद्यापीठे हाही त्याच जातीचा मोह. कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली विद्यापीठावर २०११ मध्ये छापा पडला, तेव्हा काही भारतीय विद्यार्थ्यांच्या पायांत रेडिओ पट्टे अडकवण्यात आले आणि भारत सरकारला निषेध नोंदवावा लागला. त्यानंतरही २०१९ मध्ये मिशिगनमधील फार्मिंग्टन विद्यापीठाच्या प्रकरणात १२९ भारतीय पकडले गेले. ते विद्यापीठ अमेरिकी सरकारनेच रचलेला सापळा होते. तेथे ना वर्ग होते, ना शिक्षक. सापळा रचणाऱ्यांच्या नीतीवर टीका जरूर व्हावी. पण वर्गच भरत नाहीत हे दिसत असताना शुल्क भरत राहणे, याला निव्वळ अज्ञान म्हणता येत नाही. ‘काहीही कर, पण परत येऊ नकोस’ हा घरचा दबाव त्यामागे असतो, हे पालकांनी स्वतःशी तरी कबूल करावे.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाल्यापासून ‘पुढे व्हिसा पुरस्कृत करावा लागेल का?’ हा अर्जातील प्रश्न अधिकच बोचू लागला आहे. तिथे ‘नाही’ लिहिण्याचा मोह होतो. लिहावे खरेच, मात्र उन्हाळी इंटर्नशिपसाठी कंपनीला व्हिसाचा कोणताही खर्च नाही, हे विद्यार्थ्याने नम्रपणे समजावून सांगावे. लहान कंपन्यांना हे अनेकदा ठाऊकच नसते.

इथे अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांना बरेच करता येईल. गणेशोत्सवात विद्यार्थ्यांना प्रसादाला आवर्जून बोलावले जातेच. त्याच दिवशी मंडळातील चार अनुभवी अभियंत्यांनी प्रत्येकी अर्धा तास काढून मुलांचे बायोडेटा वाचले, एखादी खोटी मुलाखत घेतली आणि आपल्या कंपनीत नाव सुचवले, तर त्याला फारसा खर्च येत नाही. गणपती बहुतेक वेळा सप्टेंबरच्या आसपासच येतात. भरतीचा हंगामही तोच.