कारखाना गेला, जमीन कोणाच्या गळ्यात?



भोपाळचे नाव निघाले की डिसेंबर १९८४ ची ती रात्र आठवते. युनियन कार्बाइडच्या टाकीतून सुमारे ४० टन विषारी वायू सुटला आणि झोपेतली माणसे हजारोंनी मेली. त्या रात्रीबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे. वायू वाऱ्यावर विरल्यानंतर जे मागे राहिले, त्या कारखान्याखालच्या जमिनीबद्दल मात्र फार थोडे बोलले जाते.

आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारू नये. त्या कारखान्यात तयार होत होते सेव्हिन, म्हणजे कार्बारिल. कपाशीच्या बोंडअळीवर ते फवारले जाई, ज्वारीच्या कणसांवर त्याची भुकटी धुरळली जाई. २०१८ साली केंद्र सरकारने या औषधावर बंदी घातली. म्हणजे औषध बाजारातून गेले, कारखाना तर त्याआधी तीसहून अधिक वर्षे बंद पडला होता. जमिनीतले विष तेवढे जागचे हलले नाही.

ते तेथे वायूगळतीमुळे आले, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. कारखाना १९६९ साली सुरू झाला. तेव्हापासून रोजच्या कामातून निघणारी घाण आवारातच टाकली जात होती, गाडली जात होती. १९७७ साली आवाराबाहेर उत्तरेला मोठी तळी खोदली. तळाशी प्लास्टिक अंथरले. उन्हाने पाणी उडून जाईल आणि गाळ उरेल, असा हिशेब होता. १९८२ साली तळे गळत असल्याची नोंद कंपनीच्याच कागदात झाली. वायू सुटण्याच्या दोन वर्षे आधीची ही गोष्ट. एकही माणूस मेला नसता, तरी ही जमीन नासलेलीच होती.

मग तपासणी झाली नाही काय? झाली. एकदा नव्हे, अनेकदा झाली. नव्वदच्या दशकात आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ने अभ्यास केला. माती दूषित आहे, पण भूजल ठीक आहे, असा त्याचा निष्कर्ष निघाला. १९९९ साली ग्रीनपीसने वस्त्यांतल्या पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा त्यात क्लोरीनयुक्त विषारी द्रव्ये सापडली. आवारातल्या मातीत पारा सापडला. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाला या वस्त्यांना स्वच्छ पाणी पुरवण्याचा आदेश द्यावा लागला. २००९ साली दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राला कारखान्यापासून तीन किलोमीटरवरच्या पाण्यातही कीटकनाशकाचे अंश आढळले. २०१० साली ‘नीरी’ आणि हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेने मिळून अंदाज दिला: दूषित माती ११ लाख टन.

तज्ज्ञ मोजत होते, कागद फिरत होते, आणि मायबहिणी त्याच हातपंपाचे पाणी भरत होत्या.

मोजमापात एवढी तफावत कशी पडते? यासाठी मोठ्या शास्त्राची गरज नाही. आपण माती परीक्षणाला नमुना देतो तेव्हा कृषी सहाय्यक सांगतो, बांधाकडची माती घेऊ नका, उकिरड्याजवळची घेऊ नका, झाडाखालची घेऊ नका. कारण आपल्याला सबंध शेताची सरासरी हवी असते. बंद कारखान्याच्या जमिनीत नेमके उलटे करावे लागते. तेथे आधी उकिरडाच शोधायचा. घाण कोठे गाडली, नाली कोठून जात होती, टाकी कोठे गळत होती, हे जुन्या नकाशांतून आणि जुन्या कामगारांच्या तोंडून काढायचे. मग तेथे खोल भोके पाडायची, वेगवेगळ्या खोलीची माती काढायची, आणि पाणी ज्या दिशेने वाहते तिकडच्या विहिरी तपासायच्या. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. आणि एकदा तपासून भागत नाही. चिकणमाती पाणी सावकाश सोडते, कायमचे अडवून धरत नाही. आज गोड असलेली विहीर दहा वर्षांनी गोड राहील, याची हमी एका अहवालात नसते.

आता पैशाकडे या. जमीन सरकारने भाडेपट्ट्याने दिलेली होती. १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, ती वायूगळतीच्या भरपाईची. १९९८ साली मध्य प्रदेश सरकारने जमीन परत घेतली. शेतमजूर बैलजोडी परत करतो तेव्हा मालक बैलाचे खूर तपासून घेतो. येथे सरकारने आतल्या घाणीसकट जमीन पदरात घेतली आणि साफसफाई कोणी करायची याचा वाद न्यायालयात पडून राहिला.

आवारात गोळा करून ठेवलेला कचरा तरी जाळावा, तर तो कोणाला नको होता. गुजरातने नाकारला. २०११ साली नागपूरजवळ, कापसाच्या मुलखात, तो जाळण्याचा घाट घातला गेला. महाराष्ट्राने विरोध केला. अखेर जानेवारी २०२५ मध्ये ३३७ टन कचरा इंदूरजवळच्या पीथमपूरला नेला. तेथेही लोक रस्त्यावर उतरले. जूनअखेर तो जाळून झाला आणि भोपाळचा प्रश्न संपला अशा बातम्या झळकल्या. साधा हिशेब करा. दहा टनी ट्रक धरला तर ३३७ टनांच्या खेपा होतात चौतीस. ११ लाख टनांच्या होतात एक लाख दहा हजार. चौतीस खेपा गेल्या म्हणून खळे रिकामे झाले असे कोणता शेतकरी म्हणेल?

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांबाबत नियम काढले. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांची माहिती द्यायची, प्रदूषण मंडळाने प्राथमिक आणि मग सविस्तर तपासणी करायची, आणि ज्याने घाण केली त्याच्याकडून खर्च वसूल करायचा, असे त्यात आहे. नियम चांगला आहे. पण यादी जिल्ह्यातून जायची आहे, आणि कोणी विचारले नाही तर जिल्ह्यातून कोरा कागद जाईल.

म्हणून या जिल्हा बैठकीत प्रत्येक तालुक्याने एक काम घेऊन जावे. आपल्या भागातले बंद पडलेले कारखाने, रंगाईची युनिटे, औषधांची गोदामे, नगरपालिकेची जुनी वीजघरे यांची नावे लिहून काढावीत. आसपासच्या कोणत्या विहिरीच्या पाण्याला वास येतो, कोठली जनावरे पाणी तोंडात धरत नाहीत, तेही लिहावे. यादी जिल्हाधिकाऱ्याकडे देऊन पोच घ्यावी. नमुने ग्रामसभेसमोर घेतले जावेत आणि अहवाल मराठीत मिळावा, अशी मागणी त्यातच करावी. आणि जो कारखाना आज चालू आहे, त्याच्या जमिनीची तपासणी तो कुलूप लावण्याआधीच झाली पाहिजे. कुलूप लागल्यावर मालक सापडत नाही. सापडते ती फक्त जमीन, आणि तिच्या शेजारी विहीर असलेला शेतकरी.