स्नेअर ड्रम रेकॉर्ड करायचाय? महागडा माइक नंतर, आधी जागा बघा!

जबलपूरकरांना बँडचं नवल नाही. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या दोन्ही रेजिमेंटची सेंटर्स इथेच आहेत आणि लष्करी बँड म्हटला की साइड ड्रम आलाच. शाळेच्या बँडमध्ये मुलं गळ्यात अडकवून वाजवतात, तोही हाच. ड्रम सेटमध्ये तो स्टँडवर बसला की त्याला स्नेअर म्हणतात.

पण घरी मोबाइलवर रेकॉर्ड केलं की ऐकू येतं काय? नुसतं फट् फट्! मुलाने महिनाभर घोटलेले हलके ठोके गायब. खरी मेहनत तर त्यातच असते. ती आजी-आजोबांपर्यंत पोहोचवायची असेल, तर थोडी तयारी हवी.

आवाज येतो कुठून?
काठी वरच्या पडद्यावर पडते. खालच्या पातळ पडद्याला बारीक तारा टेकलेल्या असतात, त्या थरथरतात. वरून ठोका, खालून झर्रर्र. दोन्ही मिळून स्नेअर.

कोणता माइक?
डायनॅमिक माइक घ्या. तो दणकट असतो, मोठा आवाज सहन करतो. शुअर कंपनीचा एसएम ५७ हा माइक १९६५ मध्ये आला आणि आजही जगभरच्या स्टुडिओंमध्ये स्नेअरवर दिसतो. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या भाषणालाही तोच असतो! मंडळाकडे गाण्याचा, गोल जाळीचा डायनॅमिक माइक असेल तर त्यावरही काम भागतं. कंडेन्सर माइक बारकावे छान टिपतो, पण शेजारची झांजही तितक्याच हौसेने टिपतो. शिवाय त्याला बहुधा ४८ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो.

कुठे लावायचा?
• ड्रमच्या कडेवर, पडद्यापासून दोन-तीन बोटं उंच.
• तोंड खाली, पडद्याच्या मध्याकडे तिरकं.
• पाठ हाय-हॅटकडे. असे माइक मागचा आवाज सर्वांत कमी घेतात, म्हणून झांजेची चिवचिव कमी होते.
• वाजवणाऱ्याची काठी माइकला लागत नाही ना, हे आधी बघा.

मध्याकडे रोखलात तर ठोका ठसठशीत येतो, कडेकडे वळवलात तर घुमारा वाढतो. एका वेळी एकच बदल करा, दहा सेकंद रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून ऐका.

दुसरा माइक असेल तर
तो खालून तारांकडे लावा. पण एक गंमत लक्षात ठेवा. ठोका पडला की वरचा पडदा वरच्या माइकपासून दूर जातो आणि खालचा पडदा खालच्या माइकजवळ येतो. दोन्ही आवाज एकमेकांना खातात आणि स्नेअर पोकळ वाटतो. मिक्सरवर किंवा अ‍ॅपमध्ये फेज उलटा करायचं बटण असतं, ते खालच्या माइकला दाबा. आवाज भरला की समजा, जमलं.

लेव्हल
वाजवणाऱ्याला सगळ्यात जोरात वाजवायला सांगा आणि काटा उणे १० डेसिबलच्या आसपास ठेवा. गाण्याच्या भरात हात आणखी जोरात पडतो, त्यासाठी ही मोकळी जागा. एकदा फाटलेला आवाज नंतर पूर्ववत होत नाही.

फक्त मोबाइल असेल तर
ड्रमपासून दोन-तीन मीटर लांब, स्टँडवर ठेवा. टेबलावर नको, त्याची थरथर येते. भिंतींवर जाड रजया किंवा गोधड्या टांगा. अ‍ॅपमध्ये आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय असेल तर बंद करा. तीच हलके आणि जोरकस ठोके एका पातळीवर आणते.

आणि कान सांभाळा
जोरात वाजवलेला स्नेअर १०० डेसिबलच्या वर सहज जातो. बंद खोलीत सराव असेल तर वाजवणाऱ्याला इअरप्लग द्या, तान्ह्या बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवा.

शेवटचं म्हणजे, पडदा सैल असेल तर कोणताही माइक त्याला सुधारत नाही. कडेचे स्क्रू सारखे कसा, मगच रेकॉर्डिंगचं बटण दाबा. येत्या रविवारी करून बघा आणि हलके ठोके ऐकू आले का, ते आम्हाला जरूर कळवा!