मराठी रॅपचा इतिहास पडद्यापासून मोजू नये

१/ फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘गली बॉय’ झळकला आणि मुंबईचे रॅप तेव्हाच जन्मले, असा समज रूढ झाला. तो साफ चुकीचा आहे. डिव्हाइन व नेझी यांचे ‘मेरे गली में’ २०१५ सालीच गाजले होते. चित्रपटाने ते मागाहून घेतले.

२/ केंद्राला परीघ उशिराच दिसतो. अटलांटाच्या आउटकास्टचे ‘प्लेयर्स बॉल’ १९९३ मध्ये आले आणि रॅपच्या क्रमवारीत अव्वल ठरले. तरीही १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या पुरस्कार सोहळ्यात त्यांची हुर्यो उडवली गेली. पुढे त्याच दक्षिणेने अमेरिकी रॅपवर राज्य केले.

३/ २०१९ मध्येच ‘स्वदेसी’ समूहाने आरेतील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासह मराठीत ‘द वारली रिव्होल्ट’ आणले. हे नाव १९४५ च्या, वेठबिगारीविरुद्धच्या वारली उठावाचे स्मरण देते. त्याच ऑक्टोबरात आरेतील दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली.

४/ गाण्याने झाडे वाचली नाहीत, म्हणून ते निष्फळ ठरत नाही. जमिनीचा प्रश्न त्याने जमिनीच्या भाषेत नोंदवला. उद्या रबाळ्याच्या रॅपचा इतिहास लिहिणाऱ्याने प्रारंभ वस्तीपासून करावा, तिकीटबारीपासून नव्हे.