हुप्प्या गेला, तर पिल्लांचं काय?

आपल्या सीमाभागात एकाच प्राण्याला घरोघरी दोन नावं असणं काही नवलाचं नाही. काळ्या तोंडाचं, राखाडी अंगाचं आणि अंगापेक्षा लांब शेपटीचं जे माकड, त्याला आपण मराठीत वानर म्हणतो. शेजारच्या कन्नड घरात त्यालाच ‘मुसिया’ म्हणतात. ज्यांच्या घरात आई मराठी आणि आजी कन्नड, तिथली मुलं दोन्ही नावं घेऊनच मोठी होतात. मात्र कळपातल्या दांडग्या नराला मराठीने एक खास नाव दिलं आहे, ‘हुप्प्या’. पहाटे झाडाच्या शेंड्यावरून तो जो ‘हूप हूप’ असा घुमणारा आवाज काढतो, त्यावरून पडलेलं. गुजरातेत गेलं की वानराचा ‘वांदरो’ होतो. भाषा बदलते, पण हूप काही बदलत नाही. धारवाडला ऐका नाहीतर बडोद्याला ऐका, आपल्या कानाला तो सारखाच लागतो.

आजचा विषय या हूपाचाच आहे. हुप्प्या ओरडतो कशासाठी, आणि परका कुणी हद्दीत शिरला तर वानरांचा कळप काय करतो, हे नीट समजून घेतलं तर आपल्याच हातून होणारा एक मोठा अनर्थ टळू शकतो.

माझी अक्का लग्न होऊन बडोद्याला गेली त्याला आता चाळीस वर्षं होऊन गेली. गायकवाडांच्या राज्यामुळे तिथे मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. कागदोपत्री वडोदरा झालं तरी आपली माणसं अजून बडोदाच म्हणतात. वडावरून नाव पडलेल्या या गावात जुनी झाडंही बऱ्यापैकी टिकून आहेत, आणि झाडं आहेत तिथे वानरं आहेत. अक्काच्या घरामागे चिंच, कडुनिंब आणि एक मोठा उंबर आहे. मागच्या हिवाळ्यात तिच्याकडे पंधरा दिवस राहिले, तेव्हा रोज सकाळचा चहा आम्ही गच्चीवरच घ्यायचो.

एका सकाळी चिंचेवरचा हुप्प्या घुमायला लागला. अक्का म्हणाली, “गप बस आता. पलीकडच्या आंब्यावरनं उत्तर येतं का नाही बघ.” आलंच. मग दोन्ही हुप्प्यांनी जी काय धुमाकूळ घातली म्हणता! या फांदीवरून त्या फांदीवर धडाधड उड्या, पत्र्यावर आदळआपट, दातांवर दात घासून कर्र कर्र आवाज. तान्ही पिल्लं पोटाशी धरलेल्या माद्या मागे सरून बसल्या. दोन-तीन थोराड माद्या मात्र नराच्या बरोबरीने पुढे धावल्या. थोडी पाठलाग-पळापळ झाली आणि अर्ध्या तासात सगळं थंड. कुणाला ओरखडासुद्धा नाही. एक कळप चिंचेवर, दुसरा आंब्यावर, जो तो आपापल्या पाल्याला लागला.

अक्का म्हणाली, “रोजचंच आहे गं. बांधावरची भांडणं, दुसरं काय!”

अक्काने दोन शब्दांत सांगितलं ते अभ्यासकांनीही सांगितलं आहे. शेजारचा कळप हा वानरांचा ओळखीचा परका. त्याच्याशी तंटा असतो तो बांधाचा, म्हणजे फळाला आलेल्या झाडाचा, पाण्याच्या जागेचा, निजायच्या झाडाचा. असला तंटा बहुतेक वेळा आवाजावर आणि देखाव्यावर भागतो. कारण सरळ आहे. सुळ्याची एक खोल जखम झाली, तर जिंकलेला नरसुद्धा चार दिवसांत लंगडा होऊन बसेल. त्यापेक्षा ‘मी इथे आहे आणि धडधाकट आहे’ एवढं ओरडून सांगितलेलं स्वस्त पडतं. दक्षिण अमेरिकेच्या जंगलात टीटी नावाची चिमुकली माकडं आहेत. ती जोडीने राहतात, शेपटीत शेपटी गुंफून बसतात, आणि पहाटे नर-मादी मिळून हद्दीवर जुगलबंदी गातात. शेजारची जोडी तिकडून उत्तर देते. हद्द राखायची रीत तीच.

या आवाजाचा दरारा केवढा, ते दिल्लीकरांना विचारा. तिथे लाल तोंडाच्या माकडांना पिटाळायला पूर्वी पाळलेली वानरं घेऊन माणसं फिरायची. कायद्याने ते बंद झालं, तेव्हा वानराचा आवाज हुबेहूब काढणारी माणसं कामाला लावली. २०२३ साली जी-२० परिषदेच्या वेळी तर रस्त्याकडेला वानरांची मोठमोठी चित्रं कापून उभी केली होती.

पण वानरांचा दुसरा एक परका असतो. तो ओळखीचा नसतो, आणि त्याला चिंचेचं झाड नको असतं.

त्याची गोष्ट समजायला वानरांचं घर कसं चालतं ते बघायला हवं. आपल्याकडे मुलगी सासरी जाते. वानरांत उलटं. मुलगी जन्मभर माहेरीच राहते, मुलगा वयात येता येता घराबाहेर पडतो. आजी, आई, मावशी, लेक, नात अशा बायकांचा गोतावळा पिढ्यान्‌पिढ्या त्याच झाडांवर नांदतो. वतन त्यांचं. हुप्प्या म्हणजे बाहेरून आलेला आणि कधीतरी जाणारा. अबू आणि जोधपूरकडच्या अभ्यासात एका हुप्प्याचा अंमल सरासरी दोन-सव्वादोन वर्षांचाच भरला. घराबाहेर पडलेले नर टोळी करून भटकत असतात आणि एखाद्या कळपाचा हुप्प्या थकला, जखमी झाला की चाल करून येतात. जुन्याला हुसकून लावलं की पुढे त्यांच्यातलाच एकजण बाकीच्यांनाही पळवून लावतो आणि एकटा कळपाचा धनी होतो.

त्यानंतर जे घडतं ते जगाला पहिल्यांदा नीट कळलं ते कुठून? आपल्या धारवाडहून! १९६१ ते १९६३ या काळात जपानचे युकिमारू सुगियामा आणि त्यांचे सहकारी धारवाडजवळच्या जंगलात वानरांचे कळप रोज पाहत, मोजत, ओळखत फिरत होते. कर्नाटक विद्यापीठाचे पार्थसारथीही त्या कामात होते. १९६२ साली त्यांच्या नजरेखालच्या एका कळपावर बाहेरच्या नरांच्या टोळीने हल्ला केला, जुना नर हाकलला गेला आणि नव्या धन्याने कळपातल्या अंगावरच्या पिल्लांना चावून मारलं. सुगियामांनी १९६५ साली हे छापलं, तेव्हा पुष्कळांना ते पटेना. जोधपूरच्या मोहनोतांनी १९७१ साली तसंच काही नोंदवलं.

त्याच वर्षी सारा हर्डी नावाची अमेरिकेतली तरुण विद्यार्थिनी अबूच्या डोंगरावर आली. दाटीवाटीने डोकं फिरून नर असं वागत असतील, असा समज घेऊन ती आली होती. पण पिल्लांवर हल्ले होत ते गर्दीमुळे नव्हे, तर बाहेरचा नर कळप बळकावतो तेव्हा, असं तिला दिसलं. पिल्लू अंगावर पीत असेतो मादी पुन्हा गाभण राहत नाही. पिल्लू गेलं की थोड्याच दिवसांत ती माजावर येते. दोन वर्षांचा धनी, त्याला वाट बघायला सवड नाही. १९७७ साली हर्डीबाईंचं पुस्तक आलं आणि मोठा वाद झाला. पुढे नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांच्या विष्ठेतून डीएनए तपासले, तेव्हा मारणारा नर मेलेल्या पिल्लाचा बाप नसतो, हे १९९९ साली सिद्ध झालं. सगळीकडेच असं घडतं असं मात्र नाही. जिथे एका कळपात अनेक नर एकत्र नांदतात, तिथे हे प्रमाण कमी असतं.

वाचताना पोटात कालवतं. पण मला त्याहून मोठ्या वाटतात त्या या कळपातल्या बायका. त्या गप्प बसत नाहीत. लेकुरवाळ्या माद्या पिल्लू घेऊन कळपापासून लांब लांब राहतात. गाभण मादी नव्या नराशी मुद्दाम लगट करते, म्हणजे पुढे होणारं पिल्लू त्याला आपलंच वाटावं. आणि नर पिल्लावर झेपावला की सर्वांत आधी आडव्या येतात त्या म्हाताऱ्या माद्या. त्यांना स्वतःला आता पिल्लं व्हायची नसतात. नर त्यांच्याहून कितीतरी दांडगा, सुळे असलेला. तरी नात वाचवायला आजी अंगावर जाते. पुष्कळदा हरतात. पण पिल्लू थोडं मोठं होईपर्यंत त्यांनी काढलेले चार-आठ दिवससुद्धा मोलाचे असतात.

आता हे सगळं तुम्हाला का सांगितलं ते ऐका.

मी बडोद्यात असतानाच अक्काच्या वसाहतीची बैठक झाली. हुप्प्याने एका शाळकरी पोराच्या हातातला डबा हिसकावला होता, त्यात पोर पडून गुडघा फुटला. “मोटो वांदरो पकडाववो पडशे,” असा सूर निघाला. पिंजरा आणा, त्या एकाला पकडून लांब सोडा, म्हणजे कटकट मिटली. वरवर बघता शहाणपणाचं वाटतं. त्रास देणारा एक, त्याला हलवा, बाकीच्यांना राहू द्या.

पण धारवाडलाच सुगियामांनी हेही करून पाहिलं होतं. एका कळपातला एकुलता एक मोठा नर त्यांनी मुद्दाम पकडून बाजूला काढला आणि पुढे काय होतं ते बघितलं. ती हकिगत १९६६ साली छापली गेली. मोकळी झालेली जागा मोकळी राहिली नाही. बाहेरचा नर आला आणि कळपातली पिल्लं त्याच्या दाताखाली गेली. म्हणजे पिंजरा एकट्या हुप्प्यासाठी लावायचा, पण किंमत मोजायची ती काळ्याभोर केसांच्या तान्ह्या पिल्लांनी. शिवाय आपली कटकटही मिटत नाही. कळप उधळतो, नव्या नराशी महिना-महिना झुंजी चालतात, आणि त्या झुंजी आपल्याच गच्चीवर होतात. वर लांब नेऊन सोडलेला हुप्प्या तिथल्या वानरांच्या दृष्टीने परकाच.

मी हे बैठकीत माझ्या मोडक्यातोडक्या गुजरातीत सांगितलं. अक्काने ते नीट करून सांगितलं. शेजारच्या बेन बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, “पण मग पोरांनी शाळेत जायचं कसं?” प्रश्न खराच होता. दुखणं आपल्याही पोराचं आहे.

त्याचं उत्तर पिंजऱ्यात नाही, आपल्या हातातल्या पोळीत आहे. वानर मुळात पानं, कळ्या, कोवळी फळं, शेंगा खाणारा जीव. त्याचं पोटही पाला पचवायला कप्प्याकप्प्यांचं असतं. आपण शनिवारी मारुतीचं नाव घेऊन पोळ्या, बिस्किटं, केळी देतो, तेव्हा पुण्य लागतं की नाही ते मारुतीराया जाणे, पण दोन गोष्टी नक्की होतात. माणसाच्या हातातला डबा म्हणजे खाऊ, हे वानर शिकतं. आणि एका गच्चीवर आयतं मिळतं म्हटल्यावर शेजारचा कळप आणि भटकी टोळी, दोघंही तिथेच ओढली जातात. जिथे अर्ध्या तासाच्या ओरड्यावर भागत होतं, तिथे रोजची मारामारी सुरू होते.

अक्काच्या वसाहतीत शेवटी एवढंच ठरलं: महिनाभर कुणी गच्चीवर खायला ठेवायचं नाही, कचऱ्याचे डबे झाकायचे, आणि शाळेच्या वेळेला एकाने काठी आपटत गल्लीत उभं राहायचं. मी निघाले तेव्हा शाळेच्या वाटेवरची पाळी अक्काच्या यजमानांची होती.

आपल्याकडेही, बेळगावात काय, खानापूरकडे काय, आणि धारवाडात तर विचारूच नका, हा प्रश्न गल्लोगल्ली येतो. तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कुणी ‘त्या मोठ्याला पकडा’ म्हणालं, तर आधी झाडाकडे नीट बघा. कुणाच्या पोटाशी काळं पिल्लू आहे का ते मोजा. चावा घेण्यापर्यंत मजल गेली असेल, तर वनखात्याला कळवा. १९७२ च्या कायद्याने वानराला संरक्षण आहे, परवानगीशिवाय त्याला पकडताही येत नाही. डोळ्यांत डोळे घालून दात दाखवू नका, त्याला ते आव्हान वाटतं. पोरांना हातात खाऊ घेऊन वानरांखालून जाऊ देऊ नका. आणि घरातल्या आजीला, मग ती मराठीत सांगो की कन्नडमध्ये, एवढं पटवून द्या की मारुतीची पोळी देवळात गाईला घातली तरी पोचते.