वळण, वेग आणि रस्त्याची पकड

पावसाळ्यात ईदला जोडून सुटी आली की पुण्यातली कितीतरी कुटुंबे मुळशीकडे निघतात. कोणी ताम्हिणी घाटात जाते, तर कोणी पिरंगुटहून उरवडे, मुठा असे करत टेमघर धरण पाहून लवासाकडे चढते. मुठ्याच्या पुढचा रस्ता वळणांचा. अशा वळणावर गाडीला नेमके काय वळवते, हे घरातल्या प्रत्येकाने जाणून घ्यावे असे आम्हाला वाटते. 20 डिसेंबर 2024 रोजी ताम्हिणी घाटात लग्नाच्या वऱ्हाडाची बस वळणावर उलटली आणि पाच जण दगावले. म्हणून हा विषय केवळ परीक्षेपुरता नाही.

आपल्या मुलांच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात, गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात, ‘अभिकेंद्री बल’ हा शब्द येतो. त्याचा अर्थ गोफणीवरून चटकन कळतो. पाखरे हाकलताना शेतकरी गोफण गरगरा फिरवतो. धोंडा गोल फिरतो, कारण दोरी त्याला सतत हाताकडे, म्हणजे आत ओढते. दोरीचे एक टोक सोडले की ही ओढ संपते आणि त्या क्षणी धोंड्याचे तोंड जिकडे असेल तिकडे तो सरळ सुटतो. कोणतीही वस्तू आपणहून वळत नाही. तिला वळवायला आतल्या बाजूचा जोर लागतो.

वळणावर मागच्या सीटवरची मुले दाराकडे ढकलली जातात, तेव्हा कोणीतरी बाहेर लोटल्यासारखे वाटते. गाडीत बसून जाणवणाऱ्या या रेट्याला ‘अपकेंद्री बल’ म्हणतात. रस्त्याकडेला उभे राहून पाहिले तर चित्र वेगळे दिसते. मुलांचे अंग सरळच जात असते, गाडी मात्र आत वळते आणि दार येऊन त्यांना टेकते.

मग गाडीची दोरी कोणती? टायर आणि रस्ता यांच्यातले घर्षण. एकेक टायर जमिनीला टेकतो तो साधारण तळहाताएवढ्या जागेवर. सारे कुटुंब त्या चार तळहातांच्या भरवशावर वळण घेत असते. वळणावर रस्त्याची बाहेरची कड उंच ठेवतात, तिचीही थोडी मदत होते.

आता हिशेब करून पाहू. वळणाची त्रिज्या 30 मीटर आणि रस्ता सपाट धरू. घाटातली काही वळणे याहून आखूड असतात. 1000 किलोची गाडी ताशी 30 किलोमीटर वेगाने असेल, तर तिला वळवायला सुमारे 235 किलो वजनाइतका जोर लागतो. वेग ताशी 60 केला तर जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणजे सुमारे 945 किलो. कोरड्या डांबरावर चांगले टायर साधारण 700 ते 800 किलोइतकीच पकड देऊ शकतात. पावसात ती 400 च्या आसपास येते. म्हणजे याच वळणावर कोरड्या रस्त्यात ताशी 50 किलोमीटरला जेमतेम निभावणारी गाडी ओल्या रस्त्यात 40 लाच घसरू लागते. चिखल, वाळू किंवा झिजलेले टायर असतील तर त्याहीआधी.

‘गाडी भरलेली आहे, चिकटून चालेल,’ असे काही चालक म्हणतात. वजन वाढले की पकड वाढते हे खरे, पण वळवायला लागणारा जोरही तेवढाच वाढतो. हिशेब तिथेच राहतो. उलट टपावर सामान चढवले की गाडीचा भार वर सरकतो. उंच गाडी मग घसरण्याआधी उलटू शकते. म्हणून जड सामान खाली ठेवावे.

ब्रेकचेही तसेच आहे. टायरची पकड एकच. तिच्यातूनच गाडी वळवायची आणि तिच्यातूनच थांबवायची. वळणात शिरल्यावर जोरात ब्रेक दाबला, तर वळवण्यासाठी पकड उरत नाही आणि गाडी सरळ कठड्याकडे निघते. वेग वळणाआधी कमी करावा, उताराला खालचा गियर टाकावा आणि वळण संपत आल्यावरच हळूहळू वेग घ्यावा.

दुचाकीवाल्यांनी अधिक जपावे. दुचाकी आत झुकूनच वळते. वेग जास्त तितके झुकणे जास्त, आणि झुकलेल्या चाकाखाली खडी आली की सावरायला वेळ मिळत नाही. मागे बसलेल्याने घाबरून उलट्या बाजूला अंग टाकू नये, चालवणाऱ्याबरोबरच झुकावे.

शेवटी घरातल्या सर्वांसाठी एक विनंती. भाड्याची गाडी असो वा घरची, ‘भाईजान, वळणावर जरा हळू घ्या,’ असे म्हणायला मागे बसलेल्या अम्मीने किंवा दहावीतल्या लेकीने संकोच करू नये. निघण्याआधी टायरची नक्षी आणि हवा पाहून घ्यावी. वेग ताशी 40 वरून 30 वर आणला, तर वळवायला लागणारा जोर जवळजवळ निम्मा होतो. टेमघरला दहा मिनिटे उशिरा पोहोचलो तरी धरण तिथेच असते.