सरावानंतरची दारू

दारू पिऊन गाडी चालवू नये, हे आता बहुतेकांना पटले आहे. पण दिवसभर तबल्यावर हात घोटून किंवा नेटमध्ये घाम गाळून संध्याकाळी प्यायला बसणाऱ्याला कोणी अडवत नाही. सराव झाला, आता काय बिघडणार, असा त्यामागचा हिशेब असतो. तो साफ चुकीचा आहे, कारण हाताचे शिकणे सराव थांबला म्हणून थांबत नाही. त्यातले बरेचसे रात्री झोपेत पक्के होते.

हार्वर्डमधल्या मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. उजखोऱ्या माणसांना डाव्या हाताच्या बोटांनी ४-१-३-२-४ या क्रमाने कळा भराभर दाबायला शिकवले. दिवसभर जागे राहून त्यांचा वेग फारसा वाढला नाही. रात्रभर झोपून उठल्यावर मात्र, मध्ये जराही सराव न करता, तो सुमारे २० टक्क्यांनी वाढला. आणि या वाढीचे नाते विशेषकरून उत्तररात्रीच्या झोपेशी दिसले. दारू घाव घालते तो नेमका तिथे. प्यायल्यावर डोळा लवकर लागतो खरा, पण ती उतरू लागली की पहाटेपर्यंतची झोप सारखी मोडत राहते. पिऊन सराव करणे तर त्याहून वाईट. हालचालीतली चूक हेरून सुधारणारा लहान मेंदूच दारूने मंदावतो.

दोन घोट घेतले की हात मोकळा चालतो, असे कलाकार सांगतात. बुजरेपणा कमी होत असेल. पण तो हात आधीच, वर्षानुवर्षांच्या मेहनतीने, तयार झालेला असतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शब्द पाठ केल्यावर दारू प्यायलेल्यांना ते दुसऱ्या दिवशी जास्त आठवले, असे एक्सेटर विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासात आढळले. मात्र शब्दांची आठवण आणि हाताची आठवण एक नव्हे. स्मृती गमावलेले हेन्री मोलेसन आरशात पाहून चांदणी गिरवायला शिकले, दिवसागणिक सुधारले. आपण हे पूर्वी केले आहे, हे मात्र त्यांना आठवत नसे. तेव्हा शब्दांचा निष्कर्ष हातावर लादता येत नाही.

आहार-व्यायामाबद्दल काटेकोर असलेले प्रशिक्षक आणि गुरू या बाबतीत गप्प राहतात, हे मला खटकते. तबल्याचा नवा कायदा किंवा खेळातला नवा डाव शिकवला, त्या रात्री दारू नाही, एवढे तरी त्यांनी शिष्यांना स्पष्ट सांगावे. शिबिरातल्या रोजच्या पार्ट्याही त्यांनीच बंद कराव्यात.