मनोरुग्ण आणि कक्षसेवक

नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचे. त्याच्यालगतच्या चौकास लोक अद्यापि ‘पागलखाना चौक’ म्हणतात; मनोरुग्णांविषयीचे जुने भय त्या नावात टिकून आहे. हेच भय साखळीस जन्म देते. तामिळनाडूतील एरवाडी येथील खासगी आश्रयस्थानास ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली. साखळ्यांनी जखडलेल्या रुग्णांस पळता आले नाही आणि २८ जीव गेले.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळी व एकांतकोठडी निषिद्ध ठरविली. रुग्णास धरणे वा बांधणे, तेही तात्काळ इजा टाळण्याचा अन्य उपाय नसेल तेव्हाच आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या अनुज्ञेने. हे सर्वथा योग्यच झाले. परंतु रात्रपाळीत रुग्ण अंगावर धावून येतो, तेव्हा कक्षसेवकाने करावे काय? कायदा काय करू नये ते सांगतो; काय करावे ते शिकवावेच लागते. वाढत्या येरझारा, आवळलेल्या मुठी, चढता आवाज ही चिन्हे वेळीच ओळखणे. दोन हातांचे अंतर राखून, दाराची वाट मोकळी ठेवून एकानेच शांतपणे बोलणे. धरावेच लागले तर मानेवर वा छातीवर भार न देणे, ही विद्या उपजत नसते. ती नसलेला सेवक मार खातो किंवा मारतो, आणि दोष मात्र त्याच्या एकट्याच्या माथी येतो.

नागपूर, ठाणे, येरवडा व रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांत कंत्राटी सेवकांसह प्रत्येकास हे शिक्षण नेमणुकीपूर्वी व पुढे प्रतिवर्षी सक्तीने द्यावे, अशी आमची शासनाकडे मागणी आहे. न शिकविलेल्या माणसास त्या कक्षात उभे करणे हा रुग्ण आणि सेवक या दोघांवरही अन्याय होय.